पाय दाखवा

माणूस समोर आला की सारं जग आधी त्याच्या तोंडाकडं पाहतं. पार्बताबाई आधी पायांकडं पाहायची. अंगावर सूट असो की फाटकं बनियन, तिचं पहिलं बोलणं एकच: "पाय दाखवा." दाखवायचा म्हणजे नाल ठोकून घेणाऱ्या घोड्यासारखा गुडघ्यात वाकवून, तळवा वर करून. तळव्याला माती दिसली की ती शेजारच्या बादलीकडं नुसतं बोट करायची आणि पुढच्या माणसाकडं वळायची. तुमचा हुद्दा, तुमचं घराणं, तुमची घाई, यातलं काहीएक तिच्या खिजगणतीत नसे.

आमच्या अकोल्याच्या ऑफिसात तिला भांडखोर म्हणत. अजूनही कुणी जुना सहकारी भेटला की मान हलवून म्हणतो, "ती पार्बता फार भांडखोर होती हं." होती! मग? कशासाठी भांडली ते यातल्या एकालाही धड सांगता येत नाही, म्हणून मला सांगणं भाग आहे. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तिची बाजू मांडायला माझ्याखेरीज आता कुणी उरलेलं नाही.

एकोणीसशे साठचं दशक उतरणीला लागलं होतं. मी अमरावतीचा, नुकताच कारकून म्हणून चिकटलेला. अकोल्याच्या एका सरकारी ऑफिसात पहिलीच नेमणूक होती. ऑफिसचं नाव घेत नाही, उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. मोर्णेला, पूर्णेला पूर आला की काठच्या गावांतली माणसं बाहेर काढायला तोवर लाकडी डोंगे असत. त्या साली वरून एक नवी बोट आली, फायबरग्लासची. ट्रकवरून उतरली तेव्हा निम्मं गाव पाहायला लोटलं. पांढरीशुभ्र, हलकी, आणि बोटानं वाजवली तर टणटण बोलणारी. "लाकडाची नाई, लोखंडाची नाई, मंग हाय तरी कायची?" असं जो तो विचारत होता. तिचा डेक, म्हणजे ज्यावर माणसांनी उभं राहायचं तो वरचा भाग, चक्क खरखरीत होता. बारीक बारीक उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खळगे.

"सरकारी काम असंच," महादेव मिस्त्री म्हणाला. "घासून गुळगुळीत कराचं राहून गेलं."

हा महादेव मिस्त्री आमच्या शेडचा सर्वेसर्वा. त्याचा जन्म बैलगाड्या बांधण्यात गेलेला. पावसाळ्याआधी गाडीला जवसाचं तेल पाजायचं, म्हणजे लाकूड फुगत नाही, तडकत नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं बोटीलाही तेल पाजलं! लाकूड तेल पितं. हे फायबरग्लास काही पिईना. तेल वरच्यावर राहिलं, चिकट झालं, आणि वैशाखातली काळ्या मातीची धूळ शेडमध्ये शिरून त्यावर बसली. बोट कळकट दिसते म्हणून मिस्त्रीनं आणखी तेल पाजलं. मृग लागेपर्यंत डेकवरचे सारे खळगे बुजले आणि तो शहाबादी फरशीसारखा काळाकुळकुळीत चमकू लागला. साहेब पाहायला आले, ते खूश. "वा मिस्त्री, आता कशी बोट शोभते!"

मग मोर्णेवर चाचणी झाली. नव्या टेरिलीनच्या पँटीत, हातात वही घेऊन मी ऐटीत बोटीवर चढलो. डेकवर पाण्याचे चार शिंतोडे उडालेले होते. पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकायची वेळच आली नाही. सपशेल तोंडावर आपटलो आणि पुढचा एक दात बोटीच्या काठाला ठेवून उठलो. काठावरची यच्चयावत माणसं हसली. झाडू घेऊन उभी असलेली एक बाई तेवढी हसली नाही. ती बोटीवर चढली, माझ्याकडं ढुंकूनही न पाहता खाली बसली आणि डेकवर नख ओढलं. नखात काळा गोळा आला. तो तिनं हुंगला.

"पाट्याले टाकी काहून लावते, मिस्त्री?" तिनं विचारलं. "गुळगुळीत पाट्यावर मिरची सरकते म्हनून. ह्या बोटीले बनवनाऱ्यानं टाकी लावून देल्ली व्हती. तुमी थे बुजवली."

ही पार्बताबाई. बार्शीटाकळीची. वय चाळिशीच्या आसपास, काटक, कपाळ मोकळं, आवाज असा की शेडच्या पत्र्याला कंप सुटावा. नवरा वारलेला, एक मुलगी शाळेत. छप्पन सालापासून घर बौद्ध झालेलं. आमच्याकडं ती रोजंदारीवर झाडायला होती, आणि ऑफिसात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. "ए झाडूवाली" एवढंच. मीही तेच म्हणत होतो, कशाला खोटं बोलू.

आठ दिवसांनी मोठे साहेब तपासणीला यायचे होते. आमच्या साहेबांना झटपट निर्णयांची भारी हौस. "वरून काळा ऑइलपेंट फासा," ते म्हणाले. "मळ दिसणार नाही."

"मळ दिसनार नाई, पन मानूस पडन," पार्बताबाई दारातून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "मले आठ दिस द्या, सायेब. डेक जसा आला व्हता तसा काढून दावतो."

"आणि नाही निघाला तर?"

"तं मले काढा."

"आणि निघाला तर?" हे मी विचारलं. पडलेल्या दाताच्या फटीतून, उगाच.

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "निघाला तं मले कोनी झाडूवाली म्हनू नाई. बोटीवर खलाशाची जागा रिकामी हाय. थे मले पाहिजे."

अख्खं शेड खदखदलं. बाईमाणूस आणि खलाशी! पण साहेब त्या दिवशी मजेत होते. "दिली," ते म्हणाले. चारचौघांत म्हणाले, मी साक्षीला आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तिला तारेचा ब्रश आणि ॲसिडची बाटली दिली. बाटलीचं बूच तिनं उघडलंसुद्धा नाही. ब्रश मात्र कोपऱ्यातल्या चार बोटं जागेवर फिरवून पाहिला. मळ निघाला, पण ओरखडेही उठले. "ह्या ओरखड्यायत उद्या दुप्पट माती बसन," म्हणाली आणि दोन्ही वस्तू मिस्त्रीच्या पुढ्यात नेऊन ठेवल्या. "घ्या. ब्रश तुमच्या दाढीले होईन."

तिची रीत वेगळी होती. ऊन चढायच्या आत काम. एका वेळी वीतभर जागा, त्याहून जास्त नाही. घासलेट चिंधीवर घ्यायचं, डेकवर ओतायचं नाही. ती चिंधी दाबून धरायची, म्हणजे जुन्या तेलाचा चिकटा मऊ पडतो. मग धुण्याचा सोडा घातलेलं रिठ्याचं कोमट पाणी शिंपडायचं आणि जरा वेळ नुसतं बसून राहायचं. "थांबा न बाप्पा, त्याले भिजू तं द्या," असं ती मला सांगायची, जसं काही घाई मीच करत होतो. त्यानंतर शिंदीच्या फड्यानं, म्हणजे खरखरीत झाडूनं, घासायचं, उभं, आडवं आणि दोन्हीकडून तिरपं, कारण खळग्याला चार भिंती असतात. फेस काळा झाला की तो वाळायच्या आत फडक्यानं टिपून घ्यायचा आणि वर स्वच्छ पाणी मारायचं. यात तिनं कधी कुचराई केली नाही.

"मळ उठला म्हंजे गेला असं नाई, बाबू," ती म्हणायची. "उठलेला मळ लय बेइमान. जराशी पाठ फिरवली की दुसऱ्या भोकात जाऊन बसते."

चौथ्या दिवशी काठाच्या मुळाशी, कोपऱ्याकोपऱ्यांत फडा पोचेना. मी जवळच उभा होतो. "बाबू, तुमी ब्रशानं दात घासता काय?"

"घासतो की."

"एक तं गेला. म्हंजे ब्रशाचं काम कमीच झालं असन. आना इकडं."

दुसऱ्या दिवशी मी माझा ब्रश तिला दिला आणि पुढं महिनाभर बोटानं राखुंडी लावली. तो ब्रश ती शेडच्या खुंटीला सुतळीनं टांगून ठेवायची. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

आठव्या दिवशी डेक पांढरा झाला होता. चमकत नव्हता, खरखरीत पांढरा, जसा आला होता तसा. तिनं त्यावर घागरभर पाणी ओतलं आणि मला म्हणाली, "या. चढा." पुढचा दात तर गेलेलाच होता. पण चढलो. पाऊल टाकलं, ते तिथंच राहिलं. दुसरं टाकलं, तेही राहिलं. मी त्या ओल्या डेकवर अक्षरशः उड्या मारल्या. मला इतका आनंद झाला की आजही आठवलं तरी तळव्यांना तो खरखरीतपणा जाणवतो.

तपासणीच्या दिवशी नेमका सकाळी पाऊस झाला. काळ्या मातीचा चिखल कसा असतो ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. मोठे साहेब आणि त्यांच्या मागची मंडळी शेडपर्यंत आली तेव्हा प्रत्येकाच्या बुटाखाली मातीचा एकेक बूट आणखी तयार झालेला होता. बोटीला लावलेल्या फळीच्या तोंडाशी पार्बताबाई बादली आणि लोटा घेऊन उभी.

"सायेब, पाय दाखवा."

मोठे साहेब थबकले. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला. "अगं ए, हो बाजूला! कोण आहेत कळतं का?"

"मोठे सायेब हाय. पन बुटाले माती हाय."

आमचे साहेब तिच्याजवळ गेले आणि दातओठ खात पुटपुटले, "जागा पाहिजे ना तुला?" आवाज हळू होता, पण आम्ही सगळ्यांनी ऐकला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, सरक बाई, एक दिवस सरक, उद्या पुन्हा घास, मी मदत करतो!

"पाहिजे न," ती मोठ्यानं म्हणाली. "पन सायेब, थे जागा कायची हाय? डेक राखाची हाय. जागा भेटावी म्हनून मी आजच डेक घान करू देल्ला, तं उद्या राखू काय?"

मोठे साहेब कसनुसं हसले, फळीच्या अलीकडूनच बोट पाहून "छान, छान" म्हणाले आणि गेले. पाय त्यांनी दाखवला नाही. त्याच संध्याकाळी आमच्या साहेबांनी जाहीर केलं की खलाशाची जागा पुरुषासाठी आहे. दुसऱ्या दिवशी पार्बताबाई शेडमध्ये हजर, फळीपाशी बादली हजर, आणि मिस्त्रीला पहिला हुकूम: "पाय दाखवा."

भादव्यात पूर्णा फुगली. काठच्या एका गावाला पाण्यानं वेढा घातला आणि आमची बोट निघाली. मिस्त्री, इंजिन चालवणारा एक जण, आणि याद्या करायला मी. पार्बताबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती लोटा घेऊन आधीच बोटीत बसलेली होती. "कोन उतरवते मले?" तिनं विचारलं. कुणीच उतरवलं नाही.

गावात माणसं शाळेच्या ओट्यावर दाटीनं उभी होती. ओट्यापासून बोटीपर्यंत पोटरीभर चिखल. चिखल तुडवत पहिला माणूस बोटीच्या काठाशी आला आणि बाईनं त्याच्या हातात पाण्यानं भरलेला लोटा दिला. "पाय धुवा, मंग चढा."

मी ओरडलो, "बाई, पूर आहे! पुरात कुणी पाय धुतं का?"

"पूर हाय म्हनूनच," ती म्हणाली. "बोट हलून राहिली. इतले चिखलाचे पाय एका जाग्यावर आले तं समदे एकमेकावर पडतीन, अन् खाली नदी हाय."

लोकांना पटलं. एकेक जण लोटाभर पाण्यानं पाय खंगाळून चढू लागला. लेकरांचे पाय ती स्वतः धुवायची. मग आली गावातल्या बड्या घरची एक म्हातारी. अंगावर भिजलेलं नऊवारी, थरथर कापत होती. बाईनं लोटा पुढं केला. म्हातारीनं हात मागं घेतला. पार्बताबाई कोणत्या वस्तीतली, हे तिला न सांगता कळलं होतं.

"तू वरून टाक, बाई," म्हातारी म्हणाली. "मी धुतो."

पार्बताबाईनं लोटा तसाच पुढं धरून ठेवला. पाणी बोटीच्या अंगाला थडाथड आपटत होतं. "माय," ती म्हणाली, आवाज न चढवता, "आमाले तुमी वरून टाकत व्हते अन् आमी वंजळ धरत व्हतो. मी कोनाले वरून टाकत नाई. लोटा हातात घ्या. तुमाले घेतल्याबिगर बोट हालत नाई."

किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तरी तो फार लांब वाटला. मग म्हातारीनं हात पुढं केला, लोटा घेतला आणि आपले पाय आपण धुतले. त्याबरोबर पार्बताबाईनं तिला दंडाला धरून अल्लद वर घेतलं आणि स्वतःला टेकवून बसवलं. पार पलीकडच्या काठापर्यंत म्हातारीनं तिचा हात सोडला नाही.

त्या दिवशी आम्ही सहा खेपा केल्या. बोटीवर एकही माणूस घसरला नाही. परतताना मी बाईला म्हणालो, "त्या म्हातारीचे पाय तुम्हीच धुवून टाकले असतेत तर लवकर आटोपलं असतं."

"धुतले असते तं डेक साफच राह्यला असता, बाबू," ती म्हणाली. "पन मंग मी झाडूवालीच राह्यली असती."

मला वाटलं, मला समजलं. काही समजलं नव्हतं, त्याचा पुरावा लगेच मिळाला. पुराच्या कामाबद्दल वरून शाबासकी आली तसे आमचे साहेब पाघळले आणि पार्बताबाईला कायम करायचं ठरलं. ऑर्डर मीच टाइप केली, हौसेनं, दोनदा तपासून. पद: सफाई कामगार. हसत हसत शेडमध्ये नेऊन दिली. बाई त्याच वर्षी विहारात लिहायला-वाचायला शिकली होती. तिनं कागद अक्षर अक्षर लावून वाचला आणि मला परत दिला.

"नको."

"अहो बाई, कायम नोकरी आहे! पेन्शन आहे! मुलीचा विचार करा."

"पोरीचाच करून राहिली," ती म्हणाली. "माह्या बापाले, आज्याले झाडूचं काम जन्मापासून कायमच व्हतं, बाबू. त्याले कोनी ऑर्डर देल्ली नवती तरी कायम. थे कायम आमी छप्पन साली सोडलं. तुमी मले थेच कागदावर टाइप करून आनून राहिले, अन् वरून हासून राहिले."

मला धरणी ठाय देईना. तिनं पदर खोचला, बादली पालथी घातली आणि निघाली. माझा दातांचा ब्रश खुंटीवर तसाच टांगून ठेवला. "हा बोटीचा हाय," म्हणाली. त्यानंतर ती कापसाच्या जिनमध्ये कामाला जाऊ लागली. शेडमध्ये दुसरा झाडूवाला आला, आणि होळीपर्यंत डेक पुन्हा काळा झाला. मिस्त्रीनं तेल पाजलं नाही, एवढीच काय ती सुधारणा.

उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. नवे साहेब तरुण, मितभाषी. बोट पाहायला आले, डेकवरून हात फिरवला, काळा झालेला तळवा पाहिला. मग खुंटीकडं बोट करून म्हणाले, "हा ब्रश इथं कशाला?" मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबापुढं न थांबता बोललो. टाकीपासून लोट्यापर्यंत सगळं. चारचौघांत दिलेला शब्द, तोही. बोलताना माझा आवाज चढला, हे मला नंतर मिस्त्रीनं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, वर लिहिलं, दोनदा लिहिलं, आणि मृगाच्या तोंडावर ऑर्डर निघाली.

ती घेऊन मी सायकल दामटत तिच्या वस्तीत गेलो. पाऊस भुरभुरत होता. मी आनंदाच्या भरात उंबऱ्यावर पाय ठेवला आणि आतून आवाज आला, "पाय दाखवा, बाबू."

दाखवले. धुतले. मग तिनं कागद घेतला. "ख... ला... शी," असं लावून वाचलं. मग खालपर्यंत वाचलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, आणि विचारलं, "झाडू कुठं लिवला नाई न?"

"नाही."

"नीट पाह्यलं?"

"या वेळी नीट पाहिलं, बाई."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे फडा सुरू झाला. आठवडाभरानं डेक पांढरा झाला त्या सकाळी नवे साहेब आले. अंगणात चिखल, फळीच्या तोंडाशी बादली, आणि बादलीपाशी पार्बताबाई. साहेबांना आधी सांगून ठेवायचं मी साफ विसरलो होतो.

"सायेब, पाय दाखवा."

मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. साहेबांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, गुडघ्यात पाय वाकवला आणि बुटाचा तळ वर केला. बाईनं वाकून निरखून पाहिला.

"माती हाय," ती म्हणाली आणि लोटा पुढं धरला.

साहेबांनी तो तिच्या हातातून घेतला.